श्रवणाच्या परीक्षेत वाचनाची कसोटी

परकी भाषा कानावर पडल्यावर विद्यार्थ्याला ती किती उमगते हे तपासण्यासाठी घेतलेली श्रवण परीक्षा बऱ्याचदा डोळ्यांचीच परीक्षा ठरते, कारण एकीकडे ध्वनिफीत चालू असते आणि तिच्यावरचे प्रश्न त्याच परक्या भाषेत छापलेले असतात. सफाईने वाचणाऱ्यांच्या हे ध्यानातही येत नाही. मात्र डिस्लेक्सिया असलेल्या, म्हणजे बुद्धी चांगली असूनही अक्षर आणि उच्चार यांची सांगड सहजी न बसणाऱ्या मुलांचे गुण इथे ऐकण्यात नव्हे, वाचण्यात जातात. जे मोजायचे तेच मोजण्याच्या परीक्षेच्या गुणधर्माला शिक्षणशास्त्रात सप्रमाणता म्हणतात, आणि मोजायच्या क्षमतेशी संबंध नसलेल्या कारणांनी गुणांत पडणारा फरक हा सप्रमाणतेला मोठा धोका असल्याचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल मेसिक यांनी दाखवून दिले होते.

दहावीची परीक्षा घेणाऱ्या कोल्हापूर विभागीय मंडळाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे जिल्हे येतात, आणि तेथील मराठी माध्यमाच्या शाळांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेचसे सरळ असल्यामुळे घ-ध, भ-म यांत गोंधळणारे किंवा जोडाक्षराशी अडखळणारे मूलही मराठीत कसेबसे निभावून नेते; इंग्रजीच्या बेभरवशाच्या स्पेलिंगपाशी मात्र हीच अडचण उघडी पडते, आणि तिला अभ्यासातील हयगय समजले जाते.

समजा, मध्यवर्ती बसस्थानकावरील इंग्रजी उद्घोषणा ऐकवली, आणि रत्नागिरीची गाडी कोणत्या फलाटावरून सुटेल हे लांबलचक चार पर्यायांतून निवडायला सांगितले. फलाट बदलल्याचे मुलाने अचूक ऐकलेले असते, पण दुसरा पर्याय वाचून होईपर्यंत ध्वनिफीत पुढच्या प्रश्नावर गेलेली असते आणि तो प्रश्नही हातचा जातो. उत्तर लिहायचे असेल, तर 'वेन्सडे'च्या स्पेलिंगमधील उच्चार नसलेला 'डी' गाळल्याबद्दल, बरोबर ऐकलेला वारही चूक ठरू शकतो. परदेशी जाणाऱ्या अनेकांना द्यावी लागणारी आयेल्ट्स ही परीक्षासुद्धा श्रवणाच्या उत्तरांत स्पेलिंगची चूक खपवून घेत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि त्याच्या कलम 17 मध्ये वाढीव वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट अशा उपायांचा उल्लेख आहे. यांपैकी वाढीव वेळ लेखी परीक्षेत मोलाचा असला, तरी ध्वनिफीत आपल्याच गतीने धावत असताना तो शेवटी जोडून मिळाल्याने हाती फारसे काही लागत नाही. भाषेतून सूट हा उपाय सदिच्छेचा आहे खरा, पण पुढे पुण्या-मुंबईत नोकरीसाठी मुलाखत द्यायची वेळ येते तेव्हा समोरच्याचे इंग्रजी समजून घेण्यातून कोणी सूट देत नाही; त्यामुळे विषय सोडायला लावण्याआधी परीक्षा सुधारणे अधिक न्याय्य म्हणावे लागेल.

सुधारणेचा पहिला मार्ग म्हणजे प्रश्नही वाचून दाखवणे. स्लोव्हेनियातील शाळकरी मुलांवर ज्युडिट कोरमोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अवघड इंग्रजी उतारे वाचत असतानाच ऐकवले गेले तेव्हा डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचे आकलन सुधारल्याचे दिसले. तो अभ्यास उताऱ्यांच्या आकलनाचा होता; श्रवणाच्या प्रश्नांबाबत मात्र सावध राहायला हवे. चार पर्याय नुसते ऐकवले तर ते उत्तर ठरेपर्यंत कार्यस्मृतीत, म्हणजे हाती घेतलेल्या कामापुरता मजकूर क्षणभर धरून ठेवणाऱ्या स्मृतीत, साठवावे लागतात, आणि डिस्लेक्सियात बहुधा हीच स्मृती तोकडी पडते. म्हणजे डोळ्यांवरचा भार उतरवून तो स्मृतीवर चढवला जातो. त्यापेक्षा पर्याय तीनच ठेवावेत, ते चित्रांत द्यावेत, प्रश्न ध्वनिफितीच्या आधी मराठीत सांगावा, दोन प्रश्नांमध्ये विराम ठेवावा, आणि उत्तर तोंडी घ्यावे किंवा लिहिलेले असल्यास उच्चारावरून ओळखता येईल तेवढे स्पेलिंग ग्राह्य धरावे.

सगळ्याच अडचणी दूर करणे मात्र योग्य नाही. डिस्लेक्सियाचे मूळ अनेकदा ध्वनींचे बारकावे मनात वेगळे धरण्याच्या अडचणीत असते, त्यामुळे परक्या भाषेतील जवळपासचे उच्चार ओळखताना होणारी चूक ही खरोखरच ऐकण्यातील चूक असते आणि ती गुणांत दिसलीच पाहिजे. ध्वनिफीत दोनदा वाजवावी का, यावर मतभेद संभवतात. तथापि स्थानकावरील उद्घोषणा पुन्हा होते आणि समोरच्या माणसाला पुन्हा विचारता येते, हे पाहता एकदाच ऐकवण्याचा हट्ट व्यवहाराला धरून नाही.

दहावीच्या भाषा विषयांतील 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन 2018-19 या वर्षी बंद करण्यात आले होते आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा सुरू झाले. त्यातील श्रवण-भाषणाची तोंडी परीक्षा शाळेतच, बहुधा विषयशिक्षकाकडून घेतली जाते. त्यामुळे प्रश्न आधी सांगणे किंवा उत्तर तोंडी घेणे यांसारख्या सोयी साऱ्या वर्गाला सरसकट देता येण्याजोग्या आहेत, आणि तसे झाल्यास ज्या मुलाची तपासणीच कधी झालेली नाही त्यालाही त्या अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राविना मिळतात.