मूळ गावाचा शोध : शहागंजातील कुळे आणि त्यांची कागदपत्रे

छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीचे औरंगाबाद, येथील शहागंज ही मुळातच बाहेरून आलेल्यांची पेठ होय. येथील जुन्या घरांतून ‘आपण मूळचे कोठले?’ असे विचारले असता क्वचितच कोणी निरुत्तर होतो. ‘आम्ही पिंपळगावचे’, ‘आमचे पणजोबा टाकळीहून आले’, अशी उत्तरे तत्काळ मिळतात. ही उत्तरे बहुधा प्रामाणिक असतात. परंतु संशोधनाच्या दृष्टीने ती बहुधा अपुरीही असतात. गावाचे नाव ठाऊक असणे आणि गाव ठाऊक असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. ह्या दोहोंमधील अंतर कसे कापता येते, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीचे औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीत, १६५३ नंतर, औरंगाबाद झाले. मोगल सरदारांच्या नावांचे पुरे वसले. शहागंज चौकातील मशीद १७२० च्या सुमाराची आहे. पुढे १७६३ च्या सुमारास निजामाची राजधानी हैदराबादेस गेली आणि शहरातील वस्ती ओसरली. त्यानंतरची भर मुख्यतः भोवतालच्या खेड्यांतून पडली. १८७६-७८ व १८९९-१९०० चे दुष्काळ, १९४८ चे सत्तांतर आणि १९७२ चा दुष्काळ ही तिची ठळक निमित्ते. तात्पर्य, एकाच गल्लीतील चार घरांचे मूळ चार दिशांना असू शकते आणि त्यांची कागदपत्रेही चार निरनिराळ्या लिप्यांत सापडू शकतात. मारवाडी व्यापाऱ्याचे कूळ राजस्थानातील भाटाच्या बहीत नोंदलेले असते. एखाद्या मुसलमान घराण्याजवळ फारसी शजरा असतो. येथे मुख्यतः ज्यांच्याजवळ असे काही नाही, अशा भोवतालच्या खेड्यांतून आलेल्या मराठी कुळांचा विचार केला आहे.

शोधाचा आरंभ स्वाभाविकपणे आडनावापासून होतो, आणि पहिली चूकही तेथेच होते. ‘पैठणकर’ म्हणजे पैठणचा, हे खरे; पण पैठणात राहणाऱ्यास कोणी पैठणकर म्हणत नाही. हे नाव तो पैठण सोडून दुसरीकडे गेल्यावर, तेथील लोक त्यास देतात. म्हणजे ‘कर’प्रत्ययान्त आडनाव कुळाचे मूळ सांगत नाही, ते कोणत्या तरी एका प्रस्थानाचे ठिकाण सांगते. त्यापूर्वी हे कूळ दोन पिढ्या अन्यत्र राहिले असेल, तर त्याची काहीच खूण त्या नावात उरत नाही. पाटील, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी ह्या वतनी नावांतून गाव कळत नाही, हे उघडच आहे. पण कोणत्या जातीचे कागद शोधावेत हे मात्र त्यांवरून कळते. त्या अर्थाने ही नावे ‘कर’प्रत्ययान्त नावांपेक्षा अधिक उपयोगी ठरतात.

दुसरी अडचण समनाम गावांची. झाडे, पाणी आणि वस्तीची रीत ह्यांवरून पडलेली नावे सर्वत्र सारखीच असणार. पिंपळगाव, वडगाव, बाभूळगाव, चिंचोली, टाकळी ही नावे मराठवाड्यात व खानदेशात जागोजाग आढळतात. लोकव्यवहाराने त्यांस उपपदे जोडून वेगळेपण आणले : नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत, पाचोऱ्याकडे पिंपळगाव हरेश्वर, भोकरदनकडे पिंपळगाव रेणुकाई, कन्नड तालुक्यात चिंचोली लिंबाजी. एका गावाचे दोन झाले की फारसी ‘बुजुर्ग’ व ‘खुर्द’ ह्यांवरून बुद्रुक व खुर्द आले. परंतु तीन पिढ्या शहरात राहिलेल्या कुटुंबाच्या स्मरणातून प्रथम गळते ते नेमके हे उपपद. उरतो तो नुसता ‘पिंपळगाव’.

जुन्या दफ्तरांनी ह्यावर उपाय योजलेला होता. मोडी कागदात गाव कधी एकटे येत नाही. ‘मौजे अमुक, परगणे अमुक’ असे ते येते, आणि मोठ्या सनदांतून त्यापुढे सरकार दौलताबाद व सुभा खुजिस्ता बुनियाद (हे औरंगाबादचे दफ्तरी नाव) अशी सर्व शिडी दिलेली असते. ह्या शिडीतील परगणा ही पायरी शोधकास सर्वांत मोलाची होय. कारण एका परगण्यात एकाच नावाची दोन गावे असली तर ती दफ्तरदाराने हमखास वेगळी दाखविलेली असतात. मात्र परगणा म्हणजे आजचा तालुका नव्हे. सालारजंगाच्या १८६५ च्या जिल्हाबंदीने परगण्यांची मोडतोड झाली. जालना जिल्हा १९८१ मध्ये औरंगाबादेतून वेगळा निघाला. त्यामुळे ‘औरंगाबाद जिल्ह्यातील पिंपळगाव’ असा १९८१ पूर्वीचा दाखला आजच्या जालना जिल्ह्यातीलही असू शकतो.

ही अडचण केवळ आपल्याकडचीच नाही. आयर्लंडातून अमेरिकेत गेलेल्यांचे वंशज आपल्या मूळ वस्तीचा शोध घेतात, तेव्हा त्यांनाही घराण्याचे नाव व परगणावजा ‘काउंटी’ एवढेच ठाऊक असते. तेथील सर्वांत लहान भूविभाग ‘टाउनलँड’ हा होय. ते साठ हजारांहून अधिक आहेत आणि त्यांतही एकच नाव अनेकांस आहे. त्यातच १९२२ च्या जून महिन्यात डब्लिनच्या दफ्तरखान्यास आग लागून एकोणिसाव्या शतकातील शिरगणतीचा फार मोठा भाग जळाला. मग संशोधकांनी १८४७ ते १८६४ ह्या काळात करआकारणीसाठी झालेल्या ग्रिफिथ ह्यांच्या मूल्यांकनाचा आधार घेतला. त्यात जमीन कोण वाहतो हे टाउनलँडवार नोंदलेले आहे. माणसे मोजणारा कागद जळाला आणि जमीन मोजणारा कागद कामी आला. मराठवाड्यातील शोधकाने हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

मॉरिशसला मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांची स्थिती तुलनेने बरी म्हटली पाहिजे. त्यांच्या आगमनाच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत व त्यांत पित्याचे नाव, जिल्हा, गाव असे तपशील आढळतात. इंग्रज कारकुनाने गावाच्या नावाची कितीही दुर्दशा केलेली असो, नोंद आहे. समुद्र ओलांडलेल्याचा माग असा लागतो. फुलंब्रीकडून पायी शहागंजात आलेल्याची मात्र कोणीच नोंद ठेवली नाही, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा.

अशा पायी आलेल्यांसाठी सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण, पंढरपूर येथील उपाध्यायांकडे यात्रेकरूने आपल्या हाताने वा दुसऱ्याकरवी ‘लेख’ लिहून देण्याची चाल आहे. त्यात स्वतःचे नाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे आणि गाव येते. अस्थिविसर्जनासाठी किंवा श्राद्धासाठी आलेला मनुष्य ज्या मनःस्थितीत असतो, तीत तो पूर्वजांची नावे सहसा चुकवीत नाही. शिवाय उपाध्यायाचा हक्कच ह्या लेखावर अवलंबून असल्याने गाव नेमके लिहून घेण्यात त्याचा स्वतःचा स्वार्थ असतो. लिहिणाऱ्याचा स्वार्थ आणि शोधकाची गरज जेथे जुळतात, तेथील नोंद सर्वांत अधिक भरवशाची, असे म्हणावयास हरकत नाही. वहीत प्रवेश मात्र आडनाव किंवा गाव सांगूनच मिळतो. म्हणून समनाम गावांपैकी प्रत्येक गाव क्रमाने विचारावे लागते. आणि कूळ शहरात आल्यानंतरच्या लेखात ‘हल्ली वस्ती औरंगाबाद’ असे असले, तरी त्याच कुळाचा त्यापूर्वीचा लेख शोधल्यावाचून थांबू नये.

निजामी दफ्तराची वाट अधिक खडतर आहे. राज्यकारभारात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवर पटवारी मात्र मोडीत लिहीत असे. त्यामुळे एकच हकीकत दोन लिप्यांत सापडू शकते आणि त्या ताडून पाहाव्या लागतात. उर्दू लिपीत ‘ळ’ व ‘ण’ ह्यांस स्वतंत्र चिन्ह नाही, ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, आणि शिकस्ता वळणात नुक्ते गळाले की ब, प, त, न ही अक्षरे शब्दारंभी एकसारखीच दिसतात. गावाचे नाव आधी ठाऊक असेल तरच ते वाचता येते, असा हा पेच आहे. अशा वेळी त्याच पानावरील शेजारच्या गावांची नावे वाचावीत. शिवेला लागून असलेली चार गावे ओळखली की पाचवे आपोआप ठरते.

कालगणनेतही सावधगिरी हवी. दक्षिणेतील फसली सनात ५९० मिळविले असता इसवी सन येतो : फसली १३५८ म्हणजे १९४८-४९. मराठी कागदांतील सुहूर सनात मात्र ५९९ मिळवावे लागतात. ‘इसन्ने खमसैन मया व अलफ’ म्हणजे ११५२, अर्थात १७५१-५२. एकाच्या जागी दुसरा सन धरल्यास नऊ वर्षांचा फरक पडतो व बापाच्या ठिकाणी मुलगा उभा राहतो.

ह्या साऱ्यास अलीकडे निराळेच महत्त्व आले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीमुळे मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटियरही विचारात घेतले गेले. सेतवार, १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक, जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, असे जे कागद इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही क्वचितच चाळले असते, ते घरोघर चर्चिले जाऊ लागले. त्यांतील जुन्या नोंदींत बहुधा आडनाव नसते. ‘राणोजी वल्द संताजी’ एवढेच असते. असे राणोजी व असे संताजी प्रत्येक गावात होते. नोंद आपल्याच पूर्वजाची हे ठरविणारी गोष्ट म्हणजे गाव, आणि तेथेच चुकले तर पुढची सारी वंशावळ परक्याची ठरते.

कुलदैवताचा आधार ह्या कामी अनेक जण घेतात. तुळजापूरची भवानी किंवा माहूरची रेणुका एवढ्यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. ती असंख्य कुळांची दैवते आहेत. कुलदैवत रेणुका आणि गाव पिंपळगाव, म्हणून पिंपळगाव रेणुकाई, हे अनुमान मोहक असले तरी पुराव्यावाचून ग्राह्य नव्हे. उलट एखाद्या शेताच्या बांधावरील म्हसोबास वर्षातून एकदा नारळ नेण्याची चाल घरात टिकून असेल, तर तिचे मोल मोठ्या क्षेत्रापेक्षा अधिक आहे; त्या म्हसोबास दुसऱ्या गावचे कोणी येत नाही.

शेवटी गाव निश्चित झाले तरी ते जागेवर असेलच असे नाही. जुन्या दफ्तरांत ‘बेचिराग’ असा शेरा असलेली गावे ओस पडलेली असत. पैठणजवळ १९६५ मध्ये पायाभरणी होऊन १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या नाथसागरात गोदाकाठची कित्येक गावे बुडाली; त्यांतील अनेक त्याच नावाने दुसरीकडे वसविण्यात आली. अशा गावाचा पत्ता मिळाल्यावर जो वंशज तेथे जातो, त्यास नाव जुळते, माणसेही जुळतात. वाडा आणि मारुतीचे देऊळ मात्र उन्हाळ्यात पाणी खाली गेले तरच दिसण्याचा संभव. म्हणून १९६५ पूर्वीचा गावनकाशा भूमि अभिलेख कार्यालयातून आधी पाहून मगच निघावे.