श्रोत्यांसमोर कविता : दक्षिण कोकणाची वहिवाट

१९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले आणि मासिकांच्या पानांतून किंवा शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून भेटणारी मराठी कविता यशवंत व गिरीश यांच्या कंठातून थेट सभागृहात अवतरली. काव्यगायनाची ही प्रथा पुढे अशी बोकाळली की कवितेची योग्यता कोणती आणि कवीच्या गळ्याची करामत कोणती, याचा निवाडा करणे श्रोत्यांस अवघड होऊन बसले. अत्र्यांनी 'झेंडूची फुले' (१९२५) या विडंबनसंग्रहात मंडळाच्या कवितेची यथेच्छ टर उडविली, ती याच भराच्या काळात. १९४७ साली मर्ढेकरांच्या 'काही कविता' प्रसिद्ध झाल्या, तेव्हा वारे फिरले. मर्ढेकरांनी ओवी-अभंगांची घडण वापरली खरी. परंतु त्यांच्या प्रतिमांची गुंतागुंत अशी होती की वाचकाने एकांतात पुन्हा पुन्हा पान उलटावे, तेव्हाच ती उकलावी. नवकवी आणि सभा यांची फारकत झाली, असे त्या वेळी कोणी म्हटले असते तर ते नामंजूर करणे कठीण होते.

ही फारकत ज्या तिघांनी मोडून काढली, त्यांपैकी दोघे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातले असावेत, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. विंदा करंदीकरांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी देवगड तालुक्यातील धालवली येथे झाला, तर मंगेश पाडगावकरांचा १० मार्च १९२९ रोजी वेंगुर्ल्यास. त्या वेळी ही दोन्ही ठिकाणे सरकारदप्तरी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असत. सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला तो १ मे १९८१ रोजी. तिसरे वसंत बापट मूळचे कऱ्हाडचे, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात मुरलेले. या त्रयीने महाराष्ट्रातील शहरे आणि तालुक्यांची गावे पालथी घातली, आणि नाटकाला लोटावी तशी गर्दी कवितेला लोटू शकते, हे सिद्ध करून दाखविले.

त्यांनी कविता गायिली नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. बोरकरांसारखा कवी आपली कविता सुरावर तोलून धरी. या तिघांनी भर दिला तो उच्चारावर. त्यातही प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. बापटांच्या वाणीत कलापथकाच्या रंगमंचाची ऐट होती. पाडगावकर आकाशवाणीत काही वर्षे काम केलेले. ध्वनिक्षेपकाशी कुजबुजले तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचता येते, ही जाण त्यांना होती. त्यांची 'सलाम' ही कविता ज्यांनी त्यांच्याच तोंडून ऐकली, त्यांना ठाऊक आहे की एकाच शब्दाची पुनरुक्ती कागदावर कंटाळवाणी वाटण्याचा धोका असतो. कवीच्या आवाजात मात्र तीच पुनरुक्ती आरंभी विनोद, मग उपरोध आणि अखेरीस शरम अशा पायऱ्या उतरत जाते. विंदांची गोष्ट आणखी निराळी. त्यांनी तबल्याच्या लयीवर 'तालचित्रे' रचली. तेथे अर्थापेक्षा आघातच आधी श्रोत्यास गाठतो, आणि मोठ्याने म्हटल्यावाचून त्या रचनेची उभारणीच ध्यानी येत नाही.

विंदा-पाडगावकरांना सिंधुदुर्गाच्या मातीने उच्चार शिकविला असे छातीठोकपणे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु येथील श्रोत्याचा कान कोणी घडविला, हे निश्चित सांगता येते. त्याचा पहिला गुरू गाऱ्हाणे. देवळासमोर गाव जमतो, मानकरी देवास उद्देशून बोलू लागतो. गावावरचे संकट, कोणाची शेती, कोणाचा मुंबईतला मुलगा, हे सारे तो एका ठराविक चढ-उतारात मांडीत जातो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी क्षणभर थांबतो. त्या थांब्यात जमलेली मंडळी एकमुखाने 'व्हय महाराजा' म्हणतात. विराम किंचित लांबला तर होकार विस्कटतो, आखूड पडला तर वक्त्याच्या शब्दावर आदळतो. दुसरा गुरू दशावतार. जत्रेच्या रात्री संकासुराची सोंगे आटोपून आख्यान उभे राहते, तेव्हा नटांपाशी लिखित संहिता नसते. पुराणातील कथा ठाऊक असते आणि संवाद तेथल्या तेथे जुळवायचे असतात. पहाटेपर्यंत असे शब्द पारखीत बसणाऱ्या प्रेक्षकास कवीच्या आवाजातील खोट चटकन कळते.

तथापि या मुलखातील प्रत्येक कवीस सभा मानवली असे नव्हे. चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजेच आरती प्रभू (१९३०-१९७६), वेंगुर्ले तालुक्यातले, पुढे कुडाळात खानावळ चालविणारे. त्यांची कविता मुखरतेपासून दूर, आतल्या आत बोलणारी. ती जनसामान्यांपर्यंत पोहोचली ती मुख्यतः हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींतून, इतरांच्या गळ्यांतून. ज्या कवितेस टाळी नको असते, तिलाही आवाजाची गरज असू शकते. मात्र तो आवाज कवीचाच असला पाहिजे असे नाही, हा त्यांच्या उदाहरणाचा दाखला.

आजच्या पिढीत कवीच्या आवाजाचा हा प्रश्न मालवणी कवितेमुळे अधिक तीव्र झाला आहे. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणीस व्यावसायिक रंगभूमीवर प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचा लाभ कवितेसही झाला. फोंडाघाटचे महेश केळुसकर यांची 'झिनझिनाट' ही कविता छापील पानापेक्षा त्यांच्या सादरीकरणाने अधिक परिचित झाली. कणकवलीचे अजय कांडर यांनी 'हत्ती इलो' ही दीर्घ कविता लिहिली. तिचे नावच बोलीत असल्याने वाचणारा तोंड न उघडता पुढे जाऊ शकत नाही. मालवणीतील हेल, क्रियापदाच्या अंत्य 'ओ'चे लांबणे, अनुनासिकांची छटा, हे देवनागरीच्या आवाक्यात पुरतेपणी येत नाही. मोठ्या शहरातील वाचक ती कविता अर्थाने समजून घेईल, पण तिच्या रागाचा किंवा थट्टेचा सूर त्याच्या हाती लागेलच असे नाही. म्हणून या कवींच्या बाबतीत जाहीर वाचन हा प्रसिद्धीचा सोपस्कार नव्हे. प्रकाशनाचाच तो अर्धा भाग होय.

याच्या उलट बाजूचा मामलाही तितकाच खरा आहे. साहित्य संमेलनातील कविसंमेलनात कवींची यादी लांबलचक, निवेदकाचे कोटीबाज बोलणे त्याहून लांब, आणि प्रत्येकाच्या वाट्यास येणारी मिनिटे मोजकी. अशा व्यवस्थेत हशा पिकविणारी किंवा घोषणा करणारी कविता तरते आणि सावकाश उमलणारी बुडते. हा दोष मोठ्याने वाचण्याचा नसून आयोजनाचा आहे. मोजके कवी बोलवावेत, प्रत्येकास अवधी द्यावा, अवघड कविता दोनदा वाचू द्यावी, आणि टाळीसाठी विनवणी करणाऱ्या निवेदकास रजा द्यावी, एवढ्यानेही पुष्कळ सुधारणा होईल.

शासनाने अलीकडे पाडगावकरांच्या वेंगुर्ल्यालगतच्या उभादांड्यास 'कवितांचे गाव' म्हणून मान्यता दिली. भिंतींवर ओळी रंगविणे सोपे असते. परंतु या जिल्ह्याची खरी मालमत्ता आवाजांची आहे. कवी आपली रचना कोठे थांबून वाचतो, कोठे शब्द गिळतो, कोठे बोलीचा हेल मुद्दाम सोडून प्रमाण भाषेकडे वळतो, याची ध्वनिमुद्रणे संहितेसह प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात जतन झाली, तर उद्याच्या अभ्यासकास मालवणी कवितेविषयी मत बनविताना केवळ छापील पुराव्यावर विसंबावे लागणार नाही. हे काम खर्चिक नाही, आणि जोवर आजचे मालवणी कवी हयात आहेत व वाचत आहेत, तोवरच ते होण्याजोगे आहे.