लहान खुर्चीचे उमेदवार

न्यूझीलंड हा देश आपल्याकडे बहुतेकांना क्रिकेटमुळे ठाऊक आहे. आम्हां चळवळीतल्या लोकांना तो आणखी एका कारणाने ठाऊक आहे. १८९३ साली स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मताचा हक्क देणारा पहिला स्वयंशासित देश तो हाच. त्या देशातील थोर निवडणुकांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे आम्ही तिथल्या सर्वांत लहान निवडणुकीविषयी, म्हणजे उपनगराच्या 'कम्युनिटी बोर्डा'च्या निवडणुकीविषयी आणि तिला उभ्या राहणाऱ्या उमेदवारांविषयी सांगण्याचे योजिले आहे. लहान अधिकाराच्या जागेसाठी कोणी उभे का राहावे आणि मतदाराने अशा उमेदवाराची पारख कशी करावी, हा खरा प्रश्न आहे. आणि तो त्या देशापुरता नाही.

प्रथम हे बोर्ड निघाले कसे ते पाहू. १९८९ साली न्यूझीलंडच्या सरकारने स्थानिक कारभाराची मोठी फेरमांडणी केली. नगरपालिका, तालुका मंडळे, बंदरांची मंडळे, गाळ-पाण्याची मंडळे अशा आठशेहून अधिक संस्था होत्या, त्या मोडून ८६ केल्या. कारभार सुटसुटीत झाला हे खरे. परंतु ज्या गावाची स्वतःची नगरपालिका होती ते गाव एका दिवसात मोठ्या शहराचा कोपरा झाले. वेलिंग्टनच्या उत्तरेस, पोरिरुआकडे जाणाऱ्या लोहमार्गावर टावा नावाचे उपनगर आहे. तेथील माणसे सकाळी गाडीने शहरात कामाला जातात आणि सायंकाळी परततात. टावाची स्वतंत्र नगरपालिका त्याच साली संपली. अशा वस्त्यांचा आवाज अगदीच बुडू नये म्हणून कायद्याने कम्युनिटी बोर्डाची सोय केली.

या बोर्डावर कमीत कमी चार आणि जास्तीत जास्त बारा सभासद असतात. निदान चार तरी लोकांनी निवडलेले असावे लागतात. मोठ्या कौन्सिलने आपल्यातले काही सभासद नेमले, तरी त्यांची संख्या निम्म्याहून कमीच राहिली पाहिजे. बोर्डाचे काम २००२ च्या कायद्यात सांगितले आहे. वस्तीच्या वतीने बोलावे, कौन्सिलने विचारलेल्या गोष्टींवर अहवाल द्यावा, वस्तीतील सेवांवर लक्ष ठेवावे, तेथे पुढील वर्षी कशावर खर्च व्हावा याचे निवेदन दरसाल द्यावे, आणि स्थानिक मंडळांशी संबंध राखावा. याखेरीज कौन्सिल जे सोपवील ते. कोठे लहानसहान अनुदाने वाटण्याचे काम सोपवलेले असते, तर कोठे फारसे काहीच नसते.

आता त्यास काय करता येत नाही तेही पाहिले पाहिजे. बोर्डाला कर बसवता येत नाही. मालमत्ता घेता किंवा विकता येत नाही. नोकर नेमता येत नाही, तसा काढताही येत नाही. म्हणजे ज्या कारकुनाने अर्ज दडपून ठेवला, त्याला बोर्डाचा सभासद 'अर्ज कोठे आहे?' एवढेच विचारू शकतो.

कोणी म्हणेल, मग असल्या खुर्चीचा उपयोग काय? कामगारांना या प्रश्नाची सवय आहे. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांत वर्क्स कमिटीची सोय केली. तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी असत. पगारवाढ हा तिचा प्रांत नव्हे. पिण्याचे पाणी, उपाहारगृह, संडास, दिवाबत्ती असल्या रोजच्या कुरबुरी हा तिचा विषय. आम्ही अशा कमिट्या पुष्कळ पाहिल्या. जेथे कामगारांचा प्रतिनिधी बैठकीपूर्वी खात्याखात्यांतून हिंडून तक्रारी टिपून आणी, बैठकीच्या कागदावर त्या लिहवून घेई आणि पुढल्या बैठकीस तोच कागद वाचून 'याचे काय झाले?' असे विचारी, तेथे नळाला पाणी येई. जेथे तो केवळ चहा पिऊन येई, तेथे नळ कोरडाच राही. कायदा दोन्हीकडे एकच होता. फरक माणसाचा होता. अधिकार लहान असला म्हणजे माणसाची निवड अधिक जपून करावी लागते, एवढे आम्ही त्यावरून शिकलो.

उमेदवार होणे तेथे अवघड नाही. अठरा वर्षे पुरी झालेला, मतदार यादीत नाव असलेला न्यूझीलंडचा नागरिक उभा राहू शकतो. त्या भागातील दोन मतदारांनी त्याचे नाव सुचवावे लागते आणि दोनशे डॉलर अनामत भरावी लागते. पुरेशी मते मिळाली की ती परत मिळते. खर्चाला कायद्याने मर्यादा आहे. प्रत्येकाला आपला परिचय आणि विचार दीडशे शब्दांत मांडता येतात आणि ते टिपण मतपत्रिकेबरोबर घरोघर जाते. ज्याच्याजवळ भिंती रंगवायला पैसा नाही त्यालाही मतदाराच्या टेबलापर्यंत पोचवणारी ही सोय आम्हांला फार मोलाची वाटते.

मत टपालाने द्यायचे असते. दर तीन वर्षांनी ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी बारा वाजता मतदान बंद होते. २०२५ साली तो दिवस ११ ऑक्टोबर हा होता. मतदार होण्यास नागरिकत्वाची अट नाही. कायम वास्तव्याचा परवाना असलेला आणि त्या देशात सलग वर्षभर राहिलेला मनुष्य नाव नोंदवून मत देऊ शकतो. तेव्हा वेलिंग्टनकडे स्थायिक झालेली आपली मराठी माणसेही, तेथले नागरिक होण्याआधीच, या निवडणुकीत मतदार होऊ शकतात. एक गोष्ट मात्र आम्हांला खटकते. एखाद्या भागात ज्याची मालमत्ता आहे पण जो राहतो दुसरीकडे, तोही नोंदणी करून तेथे मत देऊ शकतो. भाडेकऱ्याला एका ठिकाणी मत आणि घरमालकाला दोन ठिकाणी, हा न्याय आमच्या पचनी पडत नाही.

मतमोजणीच्या रीती दोन आहेत. बहुतेक ठिकाणी ज्याला जास्त मते तो निवडून येतो, ही आपल्या परिचयाची रीत आहे. वेलिंग्टनने २००४ पासून दुसरी धरली. तीत मतदार नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे घालतो. जागा सहा असतील तर साधारण सातवा हिस्सा मतांचा पाठिंबा मिळालेला उमेदवार निवडून येतो. त्याच्या गरजेहून अधिक झालेला पाठिंबा आणि अगदी मागे पडलेल्याची मते पुढील पसंतीकडे जातात. यामुळे वस्तीत जो गट थोडा आहे, समजा भाडेकऱ्यांचा, त्यालाही एकजूट ठेवली तर आपला एक माणूस बसवता येतो. पहिल्या रीतीत बहुमताचा गट सहाही जागा घेऊन जाऊ शकतो.

एवढी सोय असूनही खरे दुखणे वेगळेच आहे. २०२२ सालच्या स्थानिक निवडणुकांत देशभर दहा मतदारांतील जेमतेम चौघांनी मत दिले. बोर्डाचे नाव तर महापौर आणि कौन्सिलर यांच्या सावलीत राहते. पुष्कळदा जितक्या जागा तितकेच अर्ज येतात आणि मग मतदान न होताच उमेदवार निवडून आल्याचे जाहीर होते. कधी अर्ज कमी पडतात आणि पोटनिवडणूक घ्यावी लागते. मानधन मिळते, पण त्यावर घर चालत नाही. पाळीवर काम करणाऱ्या माणसाला संध्याकाळच्या बैठका कशा जमाव्यात? मग ज्याला सवड आहे तोच उभा राहतो आणि ज्याला गरज आहे तो घरी बसतो. खुर्ची रिकामी राहिली म्हणून कारभार थांबत नाही. तेथे बोलणारे कोणी नसते, म्हणून निर्णय कचेरीत होतात. आणि काही वर्षांनी प्रतिनिधित्वाची फेरतपासणी होते तेव्हा, 'या बोर्डाला उमेदवारसुद्धा मिळत नाहीत, ते ठेवावे कशाला?' असे म्हणायला कौन्सिलला आयतेच कारण सापडते.

म्हणून उमेदवाराचे दीडशे शब्द वाचताना काय पाहावे? 'मी कर कमी करीन' असे कोणी लिहिले, तर त्याने कायदा वाचलेला नाही किंवा मतदाराने वाचलेला नसावा अशी त्याची समजूत आहे. कारण कर बसवणे बोर्डाच्या हाती नाही. 'मी अमुक पूल बांधीन' हेही तसेच. त्याऐवजी त्याला तीन प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी बोर्डाने खर्चाच्या निवेदनात काय मागितले आणि त्यातले काय मिळाले? कौन्सिलने बोर्डाकडे कोणती कामे सोपवली आहेत? आणि कौन्सिलने नकार दिला तर वस्तीत परत येऊन ते कोणाला, केव्हा सांगणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी आहे तो आमच्या मते खरा उमेदवार. कारण लहान खुर्चीचे सगळे बळ ती मागे उभ्या असलेल्या लोकांकडून घेते.

आपल्याकडे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या नेमण्यास सांगितले. महाराष्ट्रात त्या आहेत. परंतु त्यांत मुख्यत्वे नगरसेवकच बसतात, नागरिक त्यांसाठी वेगळे मत देत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला, तेव्हा गटाराची तक्रार कोणाकडे न्यावी हा प्रश्न चाळीचाळीत होता. टावाच्या मतदाराला एक लहान खुर्ची मिळाली आहे आणि तो तिच्याकडे पाहत नाही; आपल्याला ती मिळालेलीच नाही आणि आपण मागतही नाही. प्रभाग समितीची पुढील बैठक केव्हा आहे, तिच्यासमोर कोणते विषय आहेत, आणि मागच्या बैठकीत ठरलेल्यांपैकी काय झाले, हे श्रोत्यांनी आपापल्या नगरसेवकास विचारून पाहावे. त्याला कोणी कधी हे विचारले नसेल, तर सुरुवात तेथूनच करावी.