विचारले असते तर…

भाऊबीज सरली की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार रंगते. गेल्या वर्षी मी कॅमेरा घेऊन गेलो. न्यूयॉर्कचा ब्रूस गिल्डन रस्त्यावरच्या अनोळखी माणसासमोर हातभरावर जाऊन फ्लॅश उडवतो, हे वाचले होते ना! शिवाय अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईच उरतो. म्हणून मीही शिंगाडे विकणाऱ्या एका म्हातारीच्या अगदी जवळ सरकलो. लख्ख! बिचारी दचकली, डोळे चोळू लागली. मग म्हणाली, “इचारलं असतं त पदर सावरला असता नं, बापू!”

छायाचित्र सुरेख आले; सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी. पण वाचकहो, ते भिंतीवर लावायला माझा हात धजत नाही. यंदा मंडईत जाईन, तो आधी तिची क्षमा मागायला.