यकृत प्रत्यारोपण: उशीर कुठे होतो

सिरोसिस झालेले यकृत बराच काळ तक्रार न करता काम रेटत राहते. मग कधीतरी पाय सुजतात, पोटात पाणी भरते, डोळे पिवळे होतात, एखाद्याला रक्ताची उलटी होते. रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलू लागतो. यकृताने निकामी न केलेला अमोनिया तेव्हा मेंदूपर्यंत पोहोचलेला असतो. यांतले एक लक्षण दिसले तरी प्रत्यारोपण केंद्राचा सल्ला घ्यावा. सल्ला घेतला म्हणजे शस्त्रक्रिया ठरली असे नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर उशीर होतो तो इथेच. कावीळ म्हटली की आधी झाडपाला, गळ्यात माळ, मग तालुक्याचा दवाखाना, मग अलिबागचे जिल्हा रुग्णालय. हिपॅटायटिस ए किंवा ई यांची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते, म्हणून माळेला यश मिळते. सिरोसिसची कावीळ तशी उतरत नाही, आणि मधले महिने हकनाक जातात.

रुग्ण किती खालावला आहे हे ‘मेल्ड’ गुणांवरून ठरते. बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर आणि सोडियम या रक्ततपासण्यांतून 6 ते 40 यांमधला आकडा निघतो. साधारण 15 च्या पुढे प्रत्यारोपणाचा फायदा त्याच्या धोक्याहून जास्त ठरतो. यकृताच्या कर्करोगात हिशेब वेगळा: 1996 मध्ये मांडलेल्या मिलान निकषांनुसार एकच गाठ 5 सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक 3 सेंटिमीटरपर्यंत. दारूमुळे यकृत गेलेल्यांना दार बंद असे नाही. मात्र माडी, बिअर, सगळेच कायमचे सुटलेले असावे लागते.

अवयव दोन वाटांनी मिळतो. पहिली, मेंदूमृत व्यक्तीकडून. 1994 च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू जाहीर करते आणि नातेवाइकांच्या संमतीनंतरच अवयव काढले जातात. मुंबई परिसरात ते कोणाला द्यायचे हे विभागीय समन्वय केंद्र, म्हणजे झेडटीसीसी, ठरवते. तिथे रुग्णाची नोंद रुग्णालयामार्फतच होते. यादी मोठी, दाते थोडे. माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांना प्रत्यारोपणासाठी मुंबईहून चेन्नईला हलवले होते. प्रत्यारोपण होण्याआधीच 14 ऑगस्ट 2012 रोजी त्यांचे निधन झाले. पद आणि पैसा असूनही अवयव वेळेत मिळेलच याची खात्री नसते.

काढलेले यकृत बर्फात साधारण 8 ते 12 तासच टिकते. त्यामुळे किनाऱ्यावरच्या कुटुंबाने आधीच ठरवून ठेवायची गोष्ट म्हणजे फोन आल्यावर परळ किंवा बेलापूरचे प्रत्यारोपण केंद्र कसे गाठायचे. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाल्याने उरणकरांना शिवडी जवळ आली. मुरूड-श्रीवर्धनच्या रुग्णापुढे मात्र अजूनही घाटवळणे आहेत, आणि मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात.

दुसरी वाट जिवंत दात्याची. भारतातली बहुतांश यकृत प्रत्यारोपणे याच वाटेने होतात. प्रौढासाठी सहसा दात्याच्या यकृताचा उजवा भाग काढतात, म्हणजे सुमारे 60 टक्के. उरलेला भाग काही महिन्यांत जवळपास पूर्वीइतका वाढतो. पती-पत्नी, आईवडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा, नातवंडे यांना कायदा जवळचे नातेवाईक मानतो. इतरांसाठी प्राधिकार समितीची परवानगी लागते. दात्याचा धोका लहान असला तरी शून्य नाही: मृत्यूचे प्रमाण हजारात एक ते पाच असे सांगितले जाते. घेणारे बहुधा पुरुष आणि देणाऱ्या बहुधा बायका, हे चित्र काही योगायोगाचे नाही. दात्याशी डॉक्टर एकांतात बोलतात ते यासाठीच. तिने तिथे ‘नको’ म्हटले तर कारण न सांगताही तिला यातून बाजूला होता येते.

शस्त्रक्रियेआधीचे महिने स्वयंपाकघरात जिंकले किंवा हरले जातात. पोटात पाणी असताना दिवसाचे मीठ 5 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. सुकट, जवळा, खारे बांगडे रोज ताटात असतील तर ते अशक्य. याउलट ‘पथ्य’ म्हणून रुग्णाला पेजेवर ठेवणे घातक, कारण प्रथिनांवाचून स्नायू झिजतात आणि झिजलेला रुग्ण शस्त्रक्रिया सोसत नाही. ताजी, नीट शिजवलेली मासळी, अंडी, डाळ चालते. रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणेही हवे. कच्ची कालवे मात्र नकोतच. कोमट समुद्रातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू यकृतरुग्णाच्या रक्तात झपाट्याने पसरतो. चिंबोरीने नांगी मारली किंवा पायाला जखम असताना खाडीत उतरले, तरी तोच धोका.

खासगी रुग्णालयातला खर्च वीस-पंचवीस लाखांच्या घरात जातो. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात; उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जावे. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज शस्त्रक्रियेआधीच द्यायचा असतो.

प्रत्यारोपणानंतर वर्षभराने दहांतले साधारण नऊ रुग्ण हयात असतात. पहिले तीन महिने संसर्गाचे भय सर्वाधिक, म्हणून केंद्राजवळ खोली घेऊन राहणे इष्ट. टॅक्रोलिमससारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या बहुतेकांना आयुष्यभर घ्याव्या लागतात. परसातले पपनस या औषधाची रक्तातली पातळी वाढवू शकते, आणि मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला मारतात. टॅक्रोलिमसची पातळी तपासायच्या सकाळी गोळी रक्त देऊन झाल्यावरच घ्यायची असते. आधी घेतली तर आकडा खोटा येतो आणि डोस चुकतो. अलिबागहून पहाटे निघणाऱ्याने ती डबीत घालून बरोबर न्यावी.