टीईटीची मुदत २०२७ पर्यंत, पण वाडीवर शिकवायचं प्रशिक्षण कधी?

शेलू : कर्जत लोकल वांगणी सोडते आणि शेलूपासून रायगड जिल्हा सुरू होतो. स्टेशनजवळ नवे टॉवर. आत कर्जत तालुक्याच्या कातकरी-ठाकूर वाड्या आणि जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळा. राज्यभरातल्या अशा शाळांत सध्या चर्चा आहे ती टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची.

नेमका निकाल काय?

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी, आरटीई कायद्याआधी लागलेल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असेल, तर दोन वर्षांत पास व्हायचं. नाहीतर नोकरी जाणार. त्याहून कमी काळ उरलेल्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय बढती नाही. अल्पसंख्याक शाळांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे.

परीक्षेत काय, वर्गात काय?

पहिला पेपर १५० गुणांचा. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास. सगळे प्रश्न बहुपर्यायी. शिक्षकाला विषय यायलाच हवा, त्यात वाद नाही. पण आरटीईनुसार पाचवीपर्यंतच्या शाळेत ६० पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे एकेकाकडे दोन-तीन इयत्ता. तिसरीला भागाकार शिकवताना पहिलीच्या मुलांना काय काम द्यायचं, हे बहुवर्ग अध्यापनाचं कसब आहे. ते चार पर्यायांतून निवडता येत नाही.

त्यात भाषा. कातकरी मूल घरी कातकरी बोलतं, पुस्तक प्रमाण मराठीत असतं. शिक्षकाला त्याची बोली कळत नसेल, तर गप्प बसलेलं मूल सहज ‘कच्चं’ ठरतं. शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा, असं आरटीईचं कलम २९ सांगतं.

दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. शिक्षण हमी कार्डामुळे मुलाला भट्टीजवळच्या शाळेत प्रवेश मिळू शकतो. बुडालेला अभ्यास भरून कसा काढायचा, ते मात्र शिक्षकालाच ठरवावं लागतं. ‘विधायक संसद’ने ठाणे जिल्ह्यात भोंगाशाळा काढून वर्गच भट्टीवर नेला होता.

वेळ कुठून येणार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण अपेक्षित आहे. रायगडची ‘डाएट’ पनवेलला आहे. बहुवर्ग, बोली, स्थलांतर यांसाठी हे तास वापरता येतील. पण नोकरी टिकवायची तर शिक्षक आधी प्रश्नसंचच उघडणार, त्याला दोष कसा द्यायचा?

निकाल लागला तेव्हापासून ऑगस्ट २०२७ अखेरच्या मुदतीपर्यंत वीटभट्टीचे दोन हंगाम येतात.