खाडीचा तळ व घाटपायथ्याचा शेतकरी

कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्यास समुद्राच्या तळाशीं काय कर्तव्य आहे, असें कोणी विचारल्यास नवल नाहीं. आपल्या जमिनी सह्याद्रीच्या पायथ्याशीं; खारें पाणी आपल्या बांधास लागत नाहीं. परंतु महसूल खात्याच्या नकाशांत तालुक्याची हद्द संपते, तशी नदी संपत नाहीं. खोपोलीवरून वाहणारी पाताळगंगा आपटा, खारपाडा करीत धरमतरच्या खाडीस मिळते. अंबा नदी नागोठण्यावरून त्याच खाडींत उतरते. कर्जतची उल्हास कल्याणवरून वसईच्या खाडीस जाते. अर्थात् आपल्या खाचरांतून जें वाहून जातें, त्याचा बराच भाग शेवटीं खाडीच्या गाळांत जमा होतो.

हा गाळ ओसाड नाहीं. अभ्यासक होडींतून लोखंडी चिमटा तळाशीं सोडून चिखलाचा गोळा वर काढतात व अर्ध्या मिलिमीटर छिद्राच्या चाळणींत धुतात. चाळणींत राहतात ते जीव मोजावयाचे: गांडुळाच्या जातकुळीचे केसाळ कृमि, तिसऱ्या, खुबे, शंख, बारीक कवचधारी प्राणी व लहान खेकडे. या सर्वांस पाठीचा कणा नाहीं. 1966 सालीं स्थापन झालेल्या, गोवें येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनें पश्चिम किनाऱ्यावर अशा पाहण्या केल्या आहेत.

गांडूळ जमीन कशी घडवितें, हें चार्ल्स डार्विननें 1881 सालच्या ग्रंथांत दाखविलें. खाडींतील कृमि तेंच काम करतात. चिखलाच्या अगदीं वरच्या थरांतच प्राणवायु असतो. खालीं काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा गाळ. कृमि त्यांत बिळें पाडून पाणी खेळवितात, त्यामुळें कुजकें द्रव्य जिरतें. पुढें मासे, कोळंबी, चिंबोरी यांचें पोट याच जिवांवर भरतें.

पावसाळ्यांत पुरानें खाडीचा खारेपणा उतरतो व गाळ चढतो. तेव्हां यांतील पुष्कळ जीव मरतात. पाऊस सरल्यावर खारेपणा परततो व पाण्यांत तरंगणारीं पिलें पुन्हां तळाशीं वस्ती करतात. हा निसर्गक्रम झाला. त्यानें खाडीचें नुकसान नाहीं. परंतु सांडपाणी, कारखान्यांचीं द्रव्यें व खतांचा अंश प्रमाणाबाहेर आला, म्हणजे शेवाळ माजतें, कुजतें व प्राणवायु खाऊन टाकतें. लिटरभर पाण्यांत तो 2 मिलिग्रॅमहून कमी झाला कीं बहुतेक जीव पळतात अथवा मरतात. मग दोन-चार जातींचे चिवट कृमिच मागें राहून बेसुमार वाढतात. संख्या भरपूर, पण जाती थोड्या. एकाच तणानें भरलेलें शेत जसें. ठाण्याच्या खाडीच्या दूषित भागांत अभ्यासकांस असेंच चित्र आढळलें आहे.

यांत मोठा वाटा शहरांचा व कारखान्यांचा आहे, हें खरें. तथापि तेवढ्यानें आपण मोकळे होत नाहीं. आपलें पीक बुडालें तर तलाठी पंचनामा करतो. खाडीच्या तळास सातबारा नाहीं. तेथील तिसऱ्या मेल्या तर ओहोटीला त्या वेंचून घर चालविणाऱ्या कोळी-आगरी भगिनींच्या नुकसानीची नोंद कोणत्याहि दप्तरांत होत नाहीं.

आपल्या हातीं असलेले उपाय महाग नाहींत. युरिया वरून फेकण्याऐवजीं चारसूत्री पद्धतीप्रमाणें युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मधोमध 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोंचावी. खत पिकास मिळतें, ओढ्यास नाहीं. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणारांनीं खत दिल्यावर कांहीं दिवस खाचराचें पाणी सोडूं नये. नेरळच्या सगुणा बागेंत निघालेल्या सगुणा भात तंत्रांत गादीवाफे कायम ठेवून नांगरणी-चिखलणी टाळतात. त्यानें माती धुपत नाहीं व गांडुळें वाढतात. फवारणीचा पंप ओढ्यांत धुवूं नये. औषधाचे डबे व उकिरडा पाण्याच्या कांठीं ठेवूं नयेत.

जी माती व जें खत आपण पैसे मोजून शेतांत राखावयाचें, तेंच खाडींत गेल्यानें तेथील जीव गुदमरतात. करितां येत्या लावणीपूर्वीं प्रत्येकानें आपल्या बांधाची फुटकी मोरी तपासावी, अशी आमची शेतकरी बंधूंस विनंती आहे.